सरपण विकणारा सेनापती

युलिसिस ग्रँट यांचे नाव आपण इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या ओळीत वाचतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला विजय मिळवून देणारे सरसेनापती आणि पुढे १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष, एवढीच त्यांची ओळख असते. हा माणूस आयुष्यात दोनदा कफल्लक झाला होता, हे त्या ओळीत नसते. पहिल्यांदा तो रस्त्यावर उभा राहून सरपण विकत होता. दुसऱ्यांदा, अख्खे जग त्याला ओळखत असताना, त्याच्या खिशात फक्त ऐंशी डॉलर उरले होते. त्या दोन्ही वेळी ते कसे वागले, ते मला त्यांच्या लढायांइतकेच महत्त्वाचे वाटते. म्हणून या लेखात लढाया थोड्या आणि पैशाच्या अडचणी जास्त आहेत.

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट या लहानशा गावी झाला. वडील जेसी ग्रँट यांचा कातडी कमावण्याचा कारखाना होता. मुलाला तो वास आणि ते काम अजिबात आवडत नसे. त्याला आवडत घोडे. आठ वर्षांचा असताना शेजारच्या माणसाकडचे एक शिंगरू त्याच्या मनात भरले. वडील वीस डॉलर द्यायला तयार होते, मालक पंचवीस मागत होता. वडिलांनी मुलाला शिकवून पाठवले की आधी वीस सांग, नाही म्हणाला तर साडेबावीस, आणि अगदीच अडले तर पंचवीस. मुलाने जाऊन मालकाला हे सगळेच जसेच्या तसे सांगून टाकले. साहजिकच शिंगरू पंचवीस डॉलरला पडले. गावातली मुले कितीतरी दिवस त्याला यावरून चिडवत होती. व्यवहारातला हा भाबडेपणा पुढे आयुष्यभर त्यांना महागात पडला. पण त्यामागचा खरेपणाही आयुष्यभर टिकला.

१८३९ मध्ये ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दाखल झाले. त्यांचे मूळ नाव हायरम युलिसिस ग्रँट. शिफारस करणाऱ्या काँग्रेस सदस्याने चुकून युलिसिस एस. ग्रँट असे लिहिले. अकादमीच्या नोंदीत तेच लागले आणि कायमचे चिकटले. रोल कॉलमधली चूक दुरुस्त करून घेणे किती अवघड असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. अभ्यासात ते मध्यम होते. १८४३ मध्ये ३९ जणांच्या तुकडीत त्यांचा २१ वा क्रमांक आला. गणित चांगले होते, कादंबऱ्या भरपूर वाचत आणि घोडेस्वारीत त्यांच्या बरोबरीचे कोणी नव्हते.

पासिंग आऊटनंतर नवा युनिफॉर्म घालून ते मोठ्या ऐटीत सिनसिनाटीच्या रस्त्यावरून निघाले, तेव्हा एका अनवाणी पोराने त्यांची भर रस्त्यात टिंगल केली. घरी आल्यावर समोरच्या तबेल्यातला एक नोकर तशाच निळ्या विजारीला पांढरी पट्टी शिवून, त्यांची नक्कल करत गावभर फिरला. लोक हसले. नव्या अधिकाऱ्याला ते फार लागले. पण त्या दिवसापासून कपड्यांच्या रुबाबावर त्यांनी कधी भिस्त ठेवली नाही. पुढे त्याचा किती उपयोग झाला, ते आपण पाहूच.

मेक्सिकोच्या युद्धात त्यांनी क्वार्टरमास्टर म्हणून काम केले. २२ ऑगस्ट १८४८ रोजी ज्युलिया डेंट हिच्याशी त्यांचे लग्न झाले. ती त्यांच्या वेस्ट पॉइंटमधल्या रूममेटची बहीण. १८५२ मध्ये त्यांची पलटण पॅसिफिक किनाऱ्यावर गेली. ज्युलियाला दिवस गेले होते, त्यामुळे ती आणि थोरला मुलगा मागे राहिले. तिकडे सोन्याच्या खाणींमुळे महागाई इतकी होती की अधिकाऱ्याच्या पगारात कुटुंबाला आणणे शक्य नव्हते. पगाराला जोड म्हणून ग्रँट यांनी बटाटे लावले, तर नदीला पूर आला आणि बरेचसे पीक वाहून गेले. उरलेले विकायला काढले तेव्हा बाजारभाव कोसळले होते. जहाजातून सॅन फ्रान्सिस्कोला बर्फ पाठवला, तर दुसरी जहाजे आधीच पोहोचली. धाकटा मुलगा जन्माला येऊन दीड वर्ष झाले तरी वडिलांनी त्याला पाहिले नव्हते. एकटेपणात ते दारू पिऊ लागले, असे त्यांच्या बरोबरच्या अनेकांनी सांगितले आहे. १८५४ मध्ये कॅप्टन असताना त्यांनी राजीनामा दिला.

घरी परतताना न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा हॉटेलचे बिल द्यायलाही पैसे नव्हते. तिथे वेस्ट पॉइंटचा जुना मित्र सायमन बकनर भेटला आणि त्याने सांभाळून घेतले. हे नाव लक्षात ठेवा.

इथून पुढची सात वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत कठीण. वय बत्तीस, हातात नोकरी नाही, घरात बायको आणि दोन मुले, पुढे ती चार झाली. सासऱ्यांनी ज्युलियाला दिलेली जमीन सेंट लुईसजवळ होती. तिथे ग्रँट यांनी झाडे तोडली, ओंडके तासले आणि शेजाऱ्यांच्या मदतीने लाकडी घर उभे केले. त्या भागातले जमीनदार आपल्या वाड्यांना भारदस्त नावे देत. ग्रँट यांनी आपल्या घराला नाव दिले हार्डस्क्रॅबल. मराठीत सांगायचे तर, मरमर राबूनही जेमतेम भागते ते घर. ज्युलियाला ते ओबडधोबड घर काही आवडले नाही. पण स्वतःच्या गरिबीची अशी दारावरच थट्टा करणाऱ्या माणसाला लोकांच्या हसण्याची भीती कशाला वाटेल?

शेतीत भागेना, तेव्हा ते जंगलात लाकूड तोडून, गाडी भरून सेंट लुईसच्या रस्त्यांवर सरपण विकू लागले. अंगावर पलटणीतलाच जुना, विटलेला ओव्हरकोट. त्याच शहरात लष्कराची छावणी होती. ओळखीचे अधिकारी भेटत, थबकत, काय बोलावे ते त्यांना कळत नसे. ग्रँट मात्र आपण पोटापाण्याचा उद्योग करतो आहोत, हे साधेपणाने सांगत. ते लपून बसले नाहीत, दुसऱ्या रस्त्याने गेले नाहीत.

याच काळात जेम्स लॉन्गस्ट्रीट हे जुने मित्र त्यांना सेंट लुईसमध्ये भेटले. ग्रँट यांनी पाच डॉलरचे सोन्याचे नाणे त्यांच्या हातात ठेवले. कित्येक वर्षांपूर्वीचे ते देणे होते. ग्रँटची अवस्था दिसत असल्यामुळे लॉन्गस्ट्रीट घेईनात. पण दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे ठेवून आपल्याला राहता येणार नाही, यावर ग्रँट अडून बसले. शेवटी त्यांचा मान राखण्यासाठी लॉन्गस्ट्रीट यांना ते नाणे घ्यावे लागले. ही आठवण लॉन्गस्ट्रीट यांनीच पुढे सांगितली, आणि मधल्या काळात ते ग्रँट यांच्याविरुद्ध लढलेले दक्षिणेचे मोठे सेनापती झाले होते.

१८५७ मध्ये देशभर मंदी आली. धान्याचे भाव पडले. त्या वर्षी २३ डिसेंबरला, ख्रिसमसच्या दोन दिवस आधी, ग्रँट यांनी आपले सोन्याचे घड्याळ बावीस डॉलरला गहाण ठेवले. पुढच्या वर्षी हिवतापाने ते अंथरुणाला खिळले आणि शेती सोडावी लागली. मग घरभाडे वसूल करणाऱ्या कचेरीत भागीदारी केली. पण ज्याला स्वतःला अडचण माहीत आहे, तो अडलेल्या भाडेकरूच्या दारात उभा राहून दरडावणार कसा? तो धंदाही बसला. काऊंटी इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला.

या सगळ्यातली एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. त्या काळी मिसुरी राज्यात गुलामगिरी होती आणि त्यांच्या सासऱ्यांची शेती गुलामांच्या कष्टांवरच चालत असे. विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम ग्रँट यांच्या मालकीचा झाला होता. त्याला विकले असते तर शेकडो डॉलर मिळाले असते आणि घरची चणचण कितीतरी दिवस मिटली असती. मार्च १८५९ मध्ये ग्रँट कोर्टात गेले आणि एक पैसाही न घेता त्यांनी विल्यम जोन्स यांना मुक्त केल्याच्या कागदावर सही केली. घरी पैसे नसताना माणूस काय विकायला नकार देतो, त्यावरून त्याची खरी किंमत कळते.

१८६० मध्ये नाइलाजाने ते इलिनॉय राज्यात गॅलीना गावी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला लागले. दुकान धाकटे भाऊ सांभाळत आणि थोरला भाऊ त्यांच्या हाताखाली. लहानपणी ज्या कातड्याच्या वासापासून पळाले, तिथेच अडतिसाव्या वर्षी परत यावे लागले. पण संध्याकाळी टेकडीवरच्या घरी पोहोचल्यावर काय व्हायचे, ते पाहा. दोन-अडीच वर्षांचा जेसी दारातच उभा राहून वडिलांना कुस्तीचे आव्हान द्यायचा. वडील आधी गंभीर चेहऱ्याने नकार द्यायचे, मग गुडघ्यांवर बसून झुंज घ्यायचे आणि शेवटी हमखास हरायचे. हा खेळ रोज चाले. ज्युलिया आणि मुलांनी पुढे जे लिहिले, त्यात या घरातले हसणे-खिदळणे जागोजागी आहे. दुकानातला कमीपणा त्यांनी उंबरठ्याच्या आत येऊ दिला नाही.

एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले. ग्रँट यांनी वॉशिंग्टनला पत्र लिहून सेवा देऊ केली. त्याला उत्तरच आले नाही. एका जुन्या ओळखीच्या जनरलच्या कचेरीत दोन दिवस जाऊन बसले, पण भेट झाली नाही. अखेर जूनमध्ये इलिनॉयच्या गव्हर्नरांनी त्यांना एका बेशिस्त रेजिमेंटचे कर्नल केले. पुढचे सर्वांना माहीत आहे. फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सन, ४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्ग, मार्च १८६४ मध्ये लेफ्टनंट जनरल आणि ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे जनरल ली यांची शरणागती. दुकानातल्या कारकुनापासून सरसेनापतीपर्यंत यायला त्यांना तीन वर्षेही लागली नाहीत.

पण गरिबीने शिकवलेले ते विसरले नाहीत. फोर्ट डोनेल्सनला शरण आलेला शत्रुपक्षाचा सेनापती होता सायमन बकनर, न्यूयॉर्कच्या हॉटेलात मदतीला धावलेला तोच मित्र. शरणागतीच्या अटी ग्रँट यांनी जराही सैल केल्या नाहीत. पण नंतर त्याला बाजूला घेऊन आपली पैशांची थैली पुढे केली. ॲपोमॅटॉक्सला ली कडक पोशाखात आले होते, तर ग्रँट यांच्या अंगावर साध्या शिपायाचा चिखलाने माखलेला कोट आणि त्यावर फक्त हुद्द्याच्या पट्ट्या. दक्षिणेच्या सैनिकांना त्यांनी आपापले घोडे आणि खेचरे घरी न्यायची मुभा दिली, कारण पेरणीचे दिवस होते आणि नांगराला जनावर नसेल तर शेतकऱ्याचे वर्ष बुडते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. उपाशी शत्रूसाठी पंचवीस हजार माणसांचा शिधाही दिला. तिथे सही करताना हार्डस्क्रॅबलचा शेतकरी त्यांच्यात जागा होता.

राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी काही चांगली कामे केली. पण नको त्या माणसांवर विश्वासही टाकला, आणि सहकाऱ्यांच्या भ्रष्टाचारामुळे त्यांच्या कारकिर्दीला डाग लागला. १८७७ मध्ये ते जगाच्या प्रवासाला निघाले. १८७९ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला उतरले आणि ताजमहालही पाहून गेले. त्या काळी अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षाला पेन्शन नव्हते आणि राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी लष्करी पद सोडल्यामुळे तिकडचेही पेन्शन गेले होते. म्हणून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये मुलाच्या भागीदारीतील ग्रँट अँड वॉर्ड या पेढीत एक लाख डॉलर गुंतवले. फर्डिनांड वॉर्ड हा तरुण भागीदार सगळा कारभार पाही. तो एकच तारण अनेक ठिकाणी ठेवून कर्ज काढत होता आणि नव्या लोकांच्या पैशातून जुन्या लोकांना नफा वाटत होता. ग्रँट न वाचताच कागदांवर सह्या करत.

४ मे १८८४ रोजी रविवार होता. वॉर्डने येऊन सांगितले की एक बँक अडचणीत आहे, दीड लाख डॉलर हवेत. ग्रँट उद्योगपती विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडे गेले. व्हँडरबिल्ट यांनी स्पष्ट केले की हे पैसे आपण पेढीला देत नसून ग्रँट यांना स्वतःला देत आहोत. ६ मे रोजी पेढी बुडाली. ग्रँट यांच्याजवळ ऐंशी डॉलर होते आणि ज्युलियाजवळ एकशे तीस.

वय बासष्ट. बर्फावर घसरून पडल्यामुळे आधीच कुबडीचा आधार होता. व्हँडरबिल्ट कर्ज माफ करायला तयार होते, पण पती-पत्नी दोघांनीही माफी घेतली नाही. जमिनी, सन्मानाच्या तलवारी, पदके, देशोदेशींच्या भेटवस्तू, सगळे त्यांनी व्हँडरबिल्ट यांच्या नावे करून दिले. व्हँडरबिल्ट यांनी त्या वस्तू पुढे राष्ट्राला दिल्या आणि आज त्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. मेक्सिकोचे राजदूत मातियास रोमेरो भेटायला आले आणि हजार डॉलरचा चेक टेबलावर ठेवून गेले. चार्ल्स वुड नावाच्या एका अनोळखी नागरिकाने युद्धातल्या सेवेचे ऋण म्हणून पैसे पाठवले. ही मदत ग्रँट यांनी उसनी म्हणून घेतली. मदत घ्यायला ते लाजले नाहीत आणि फेडायलाही विसरले नाहीत.

मग त्यांनी मिळेल ते काम घेतले. सेंचुरी मासिकाला युद्धावरचे लेख हवे होते, प्रत्येकी पाचशे डॉलर. शिलोच्या लढाईवरचा पहिला लेख सरकारी अहवालासारखा कोरडा झाला. संपादकांनी समजावले की समोर बसून सांगता तसे लिहा. ज्याने पाच लाखांहून मोठ्या सैन्याला हुकूम दिले, तो माणूस बासष्टाव्या वर्षी विद्यार्थ्यासारखा बसला आणि लेख पुन्हा लिहून काढला. लिहिण्यात त्यांना आनंद वाटू लागला.

त्याच उन्हाळ्यात पीच खाताना घशात असह्य कळ आली. ऑक्टोबरमध्ये निदान झाले, घशाचा कॅन्सर. आता प्रश्न एकच होता, ज्युलियाचे पुढे काय? त्यांनी आत्मचरित्र पूर्ण करायचे ठरवले. मार्क ट्वेन यांनी निव्वळ नफ्यातला सत्तर टक्के वाटा देऊ केला. सेंचुरीचा देकार खूपच कमी होता, तरीही त्यांनी आधी विचारले म्हणून ग्रँट अडखळत होते. आपण त्यांच्याही कितीतरी आधी आत्मचरित्राविषयी विचारले होते, याची ट्वेन यांनी आठवण करून दिली तेव्हा कुठे ते तयार झाले.

झोपल्यावर श्वास कोंडे, म्हणून ते समोरासमोर ठेवलेल्या दोन चामडी खुर्च्यांवर रात्र काढत. डोके स्वच्छ राहावे म्हणून दुखणे थांबवणारी औषधे शक्य तितकी कमी घेत. आवाज होता तोवर लघुलेखकाला मजकूर सांगितला. आवाज गेल्यावर पुन्हा पेन्सिल हातात घेतली. जून १८८५ मध्ये त्यांना माउंट मॅकग्रेगर या डोंगरावरच्या घरात हलवले. तिथे व्हरांड्यात लोकरी टोपी घालून, गळ्याभोवती मफलर गुंडाळून ते लिहीत बसत. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून टोपी काढत, ते मान हलवून उत्तर देत. डॉक्टरांशी बोलणे कागदाच्या चिठ्ठ्यांवर चाले. त्या चिठ्ठ्यांतही विनोद आहेत. एका चिठ्ठीत त्यांनी व्याकरणाचा आधार घेऊन स्वतःच्या आजारपणाची गंमत केली आहे. जुलैमध्ये बकनर भेटायला आले. एक मित्र बोलत होता, दुसरा लिहून उत्तर देत होता.

जुलैच्या मध्यावर लिखाण पूर्ण झाले. २३ जुलै १८८५ रोजी ग्रँट यांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या मानकऱ्यांत उत्तरेच्या शर्मन आणि शेरीडन यांच्याबरोबर दक्षिणेचे बकनर आणि जॉन्स्टनही होते. दोन खंडांचे ते पुस्तक युद्धात लढलेल्या जुन्या सैनिकांनी दारोदार जाऊन विकले. तीन लाखांहून अधिक संच गेले. ज्युलिया यांना पहिलाच चेक दोन लाख डॉलरचा आला आणि एकूण रक्कम चार लाखांच्या वर गेली.

या आयुष्याचा शेवट चांगला झाला म्हणून ते चांगले, असे मला वाटत नाही. घड्याळ गहाण टाकताना ग्रँट यांना माहीत नव्हते की पुढे ते सरसेनापती होणार आहेत. जेसीशी कुस्ती खेळताना ते फक्त दुकानातले एक कारकून होते. आनंदी राहण्यासाठी त्यांनी दिवस पालटण्याची वाट पाहिली नाही.

आपल्या शाळेत सगळे एकाच युनिफॉर्ममध्ये असतात, तरी सुट्टीवरून परत आल्यावर ट्रंका उघडल्या की फरक दिसतोच. कुणाचे स्पोर्ट्स शूज नवे असतात, कुणाचे मोठ्या भावाचे. कुणाच्या घरी फीचा हप्ता भरण्यासाठी काय काय करावे लागते, हे तो कॅडेट कुणाला सांगत नाही. त्याने हे चरित्र जरूर वाचावे. ज्याचे बूट नवे आहेत त्यानेही वाचावे, म्हणजे बकनरसारखा मित्र कसा व्हायचे ते कळेल. आणि ग्रँट यांचे एक मात्र आपण कुणीच घेऊ नये. कुठल्याही कागदावर न वाचता सही करू नये.